सावड आणि इर्जिक

सावड ही शेतकामाच्या परतफेडीची पद्धत. एका घरची माणसे शेजाऱ्याच्या शेतात जितके दिवस राबतात, तितकेच दिवस शेजारी त्यांच्याकडे येतात; पैसा मध्ये येत नाही. एकेक बैल असलेले दोघे जोडी जुळवून आळीपाळीने नांगरतात. खरा कस लागतो तो कोकणातल्या भातलावणीत. पावसाने जोर धरला की चिखलणी, रोपे उपटणे, मुठी बांधणे, लावणी हे सगळे थोड्या दिवसांत उरकायचे, आणि एका घराचे हात पुरत नाहीत. हिशेब कागदावर नसतो, पण बायकांच्या तोंडी पक्का असतो. इर्जिकीत परतफेड नाही: सगळे आपापली औते घेऊन अडलेल्याचे रान एका दिवसात उरकतात, तो जेवण घालतो. ट्रॅक्टर, पॉवर टिलर आल्यावर बैलांची सावड ओसरली. लावणीची काही गावांत टिकून आहे.