धुऱ्यावरचं खत

कॉम्फ्रे हे रुंद, खरखरीत पानांचं झुडूप. इंग्लंडच्या लॉरेन्स हिल्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा ध्यास घेतला. पानं वरचेवर कापायची, भाजीच्या बुडाशी अंथरायची, नाहीतर पाण्यात कुजवून ते पाणी द्यायचं. आता आपल्याकडचे परसबागवालेही त्याची रोपं शोधतात. मानोऱ्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या परसात मात्र मी ते लावायला सांगणार नाही. थंड, ओलसर हवेतली ही वनस्पती आपल्या मे महिन्यात पाण्यावाचून तग धरत नाही, आणि हवेतला नत्रही बांधत नाही. हाड जुळावं म्हणून तिचा काढा तर कुणीच पिऊ नये. तिच्यातली पायरोलिझिडिन अल्कलॉइड यकृताला घातक असतात. म्हणूनच २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोटात घेण्याच्या पूरक उत्पादनांतून कॉम्फ्रे काढून टाकायला सांगितलं.

आपल्या कामाचं झाड आहे गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. मूळचं मध्य अमेरिकेतलं, पण आपल्या कोरडवाहू मुलखात रुळलेलं. हे शेंगवर्गीय झाड. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडतात आणि तो पानात उतरतो. वाळलेल्या पाल्यात नत्र साधारण २.४ टक्के, पालाश १.८ टक्के. म्हणजे शंभर किलो वाळल्या पाल्यात सव्वापाच किलो युरियाएवढा नत्र! अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कोरडवाहू पिकांच्या प्रयोगांत हा पाला खत म्हणून वापरला आहे. पानं कोवळी, पातळ. ओल असली की काही आठवड्यांत मातीत मिसळतात.

जूनच्या पावसात अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या कुंपणाला किंवा वावराच्या धुऱ्यावर खोचल्या तरी फुटतात. बियांपासून केलेल्या रोपाला मात्र सोटमूळ येतं आणि ते उन्हाळ्यात जास्त टिकतं, म्हणून जागा असेल तर बीच लावावं. झाड दोनेक वर्षांचं झालं की गुडघ्याच्या वर छाटायचं. पुन्हा भरघोस फुटतं. छाटलेला पाला वांग्या-मिरचीच्या वाफ्यावर पसरायचा.

झाडाच्या पाल्यात कुमारिन असतं. तो कुजताना, बुरशी लागली की, त्यातून रक्त गोठू न देणारं रसायन तयार होऊ शकतं. मध्य अमेरिकेत उंदरांसाठी आमिष करायची रीत यातूनच आली. तेव्हा बुरसलेला पाला जनावरांपुढे टाकू नये. आणि स्फुरद त्यात जेमतेम ०.१ टक्का, त्यामुळे शेणखताची पाटी सोडता येणार नाही.