परसांतील चवळी आणि सांपळे

चवळीच्या शेंगा कोंवळ्या असतांच खुडाव्या आणि ओलें खोबरें घालून त्यांची भाजी करावी, हा आमच्या घरचा उन्हाळ्यांतील नेम. गेल्या वर्षीं चैत्रांत मात्र सूनबाईंनीं विळी बाजूस ठेवून शेंगांचें सूपच आमच्यापुढें आणलें. निम्म्या शेंगांस भोंक व आंत अळी! पंधरा पानांच्या पंगतीस भाजी पुरेना. औषध फवारण्यास आमचा विरोध. ज्या शेंगा एक दिवसाआड खुडावयाच्या, त्यांवरील विष उतरण्याची वाट कोणीं पाहावी?

पुतण्यानें आंब्यासाठीं आणलेल्या 'रक्षक' सांपळ्यांतील एक पडवींत उरला होता. तो आम्हीं चवळीच्या मांडवास टांगला. आठ दिवसांत आंत माशांचा खच पडला, आणि आम्हीं तो शेजाऱ्यांस कौतुकानें दाखविलाही. शेंगांतील अळी मात्र जशीच्या तशी!

चूक आमचीच होती. हा सांपळा दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा. त्यांतील मिथाइल युजेनॉलच्या गंधास आंब्यावरील फळमाशीचे नर भुलतात. हें आकर्षण पुसा येथील हॉवलेट नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें १९१५ सालीं नोंदविलें. आणि मौज अशी कीं, हाच गंध तुळशींतही असतो. संस्कृतांत आमिष म्हणजे मांस. येथें तर वृंदावनांतील वस्तूच आमिष झाली! पण चवळीची अळी पतंगाची. त्या पतंगास माशीच्या गंधाशीं काय कर्तव्य? फार काय, पडवळ-काकडीवरील माशीलाही हा गंध चालत नाहीं, तिला क्यू-ल्यूर लागतो.

घाटेअळीच्या पतंगासाठीं निराळा कामगंध सांपळा मिळतो. तो मादीच्या गंधाची नक्कल करतो, म्हणून त्यांत नरच सांपडतात. लहान परसास एक पुरे. आंतील गंधाची गोळी तीन आठवड्यांनीं बदलावी. शेतांत रोज आठ-दहा पतंग दोन-तीन दिवस लागोपाठ पडूं लागले म्हणजे उपाय करण्याची वेळ आली असें समजतात. म्हणजे सांपळा ही देवळांतील घंटा. तिनें जागें व्हावें, चोर आपणच धरावा.

चवळीचा खरा वैरी बहुधा ठिपक्यांची अळी. ती फुलें व कोंवळ्या शेंगा जाळ्यानें एकत्र गुंडाळून आंत बसते. हिच्यावर सांपळ्याचा भरंवसा धरूं नये. सकाळीं असे गुंतलेले झुबके हातानें खुडून साबणाच्या पाण्यांत बुडवावे.

माव्यासाठीं पिवळ्या पुठ्ठ्यास एरंडेल चोपडून तो वेलाच्या शेंड्याजवळ टांगावा. पंख फुटलेला मावा त्यास चिकटतो. बिनपंखी पानाखालींच राहतो, तो पाण्याच्या धारेनें धुवावा. मावा ओसरतांच पुठ्ठा काढावा, कारण माव्यास खाणारे ढालकिडेही त्यावर चिकटून मरतात. परातींत पाणी घालून वर दिवा ठेवण्याची युक्ति आम्हीं दोन रात्रींत सोडली. मालवणच्या किनाऱ्यावर प्रखर दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध केवढें वादळ उठलें, आणि २०१७ सालीं केंद्र सरकारनें ती बंद केली, हें वाचकांस ठाऊकच आहे. दिवा भलें-बुरें निवडीत नाहीं.

यंदा खुडण्याचें काम नातवंडांकडे दिलें. दहा झुबक्यांस एक आंबावडी. परवांच्या दोन किलो शेंगांत सूनबाईंना सातच किडक्या निघाल्या. 'रक्षक' आतां आंब्यावर आहे.