भाडोत्री बंदूक आणि सरकारी शिपाई

गारदी म्हटले की आपल्याला शनिवारवाडा आठवतो. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी शर्थ केली, ते मात्र आठवावे लागते. पगारावर लढणाऱ्या माणसाशी आपले नाते असेच. धड विश्वासाचे नाही, धड तिटकाऱ्याचेही नाही.

एकविसाव्या शतकात हा गारदी पुन्हा अवतरला. फरक इतकाच, की आता तो कंपनीचा नोकर असतो आणि कंपनी सरकारला बिल लावते. अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर स्वारी केली, तेव्हा असे रक्षक हजारोंनी तेथे गेले. अधिकाऱ्यांना सांभाळायचे, मालगाड्यांची राखण करायची, ही त्यांची कामे.

यांतले पुष्कळ जण माजी सैनिकच. काल एका पंगतीला जेवलेला सोबती गणवेश उतरवून परत येतो, तोही भरघोस पगारावर! २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीने हिशेब मांडला. ब्लॅकवॉटर कंपनी एका रक्षकामागे सरकारला दिवसाला १,२२२ डॉलर लावी; सार्जंटामागे सरकारचा खर्च १४० ते १९० डॉलर. कंपनीच्या आकड्यात नफा आणि इतर खर्चही धरलेला होता, हे खरे. पण उन्हात पहारा करणाऱ्या सार्जंटाला हे कोण समजावणार?

तरी गोळी सुटली की पगार कोणी विचारीत नाही. ४ एप्रिल २००४ रोजी नजफ येथील सरकारी ठाण्यावर हल्ला झाला. गच्चीवर ब्लॅकवॉटरचे मोजके रक्षक आणि एक मरीन सैनिक खांद्याला खांदा लावून लढले. कंपनीच्याच हेलिकॉप्टरांनी दारूगोळा आणून टाकला आणि जखमी मरीनला उचलून नेले.

पण त्याच्या चारच दिवस आधी फलुजात काय घडले होते? ३१ मार्चला त्याच कंपनीचे चौघे रक्षक तीन रिकाम्या ट्रकांबरोबर शहरातून निघाले. आणायचे होते स्वयंपाकघराचे सामान! त्या भागाचा ताबा नुकताच मरीन पलटणींकडे आला होता. त्यांना या ताफ्याची वर्दीच नव्हती. चौघे मारले गेले. जळालेले दोन देह युफ्रेटिसच्या पुलावर टांगलेले साऱ्या जगाने पाहिले. मरीन सेनानींचे मत होते, घाई नको, गुन्हेगार शोधून काढू. वरून हुकूम आला, शहरावर चालून जा. एप्रिलभर लढाई चालली. त्या ताफ्याची गंधवार्ताही नसलेली पोरे तिच्यात पडली आणि फलुजाचे रहिवासीही मेले.

माझ्या मते दुखणे पगारात नाही. शिपायाला सेनापती असतो, रक्षकाला कंत्राट असते, आणि दोघे एकाच रस्त्यावर चालतात. रस्त्यावरच्या इराकी माणसाला तर दोघे सारखेच दिसत. एकाने गोळी झाडली की तिचा राग दुसऱ्यावर निघे.

१६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटरच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले. मागाहून तेथे पोहोचलेल्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांना शत्रूच्या गोळीबाराचा मागमूस आढळला नाही. चौघा रक्षकांना २०१४ मध्ये दोषी ठरवण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांत करार झाला, की अशा ताफ्यांच्या हालचालींचा सैन्याशी मेळ घालावा. फलुजाच्या त्या रिकाम्या ट्रकांना तेव्हा साडेतीन वर्षे उलटून गेली होती.