पायरी हवी, उतरंड नको

पहिली घटक चाचणी झाली की आपल्या वस्त्यांतून तेच बोलणे ऐकू येते. "पोराचे डोकेच चालत नाही." "पोरगी अभ्यासात कच्ची आहे, शिकवून काय उपयोग?" असे बोलणारे आई-वडील मुलांचे वैरी नसतात. दिवसभर राबून आलेली ही माणसे शाळेने जे सांगितले तेच घरी बोलतात. पण पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर दोष एकट्या त्या मुलाचा कसा? इतकी वर्षे तो वर्गात बसला, हजेरीपटावर त्याचे नाव रोज पुकारले गेले, आणि तो मागे राहतो आहे याची दखल कोणीच घेतली नाही. हा प्रश्न डोक्याचा नाही, व्यवस्थेचा आहे.

या प्रश्नाला एक साधे उत्तर आहे. शाळेतील मदतीचे तीन टप्पे करावेत. पहिला टप्पा सर्वांसाठी. वर्गातले रोजचे शिकवणे नीट व्हावे आणि प्रत्येक मुलाला काय येते, काय येत नाही, हे ठराविक काळाने तपासावे. दुसरा टप्पा मागे राहिलेल्यांसाठी. त्यांचे लहान गट करून, जे अडले आहे नेमके तेवढे रोज थोडा वेळ शिकवावे. तिसरा टप्पा मोजक्या मुलांसाठी. एवढे करूनही ज्याचे अडलेलेच राहते त्याच्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. त्याचे डोळे, कान तपासावेत, अध्ययन अक्षमता आहे का ते पाहावे, घरची अडचण समजून घ्यावी. दवाखान्यातही हेच चालते. ताप आलेल्या प्रत्येकाला कोणी इस्पितळात भरती करीत नाही, आणि गोळीने ज्याचा ताप उतरत नाही त्याला नुसत्या गोळीवर ठेवीत नाही.

अमेरिकेतील धडा

टप्प्याटप्प्याने मदत देण्याची ही पद्धत अमेरिकेतील सरकारी शाळांत मोठ्या प्रमाणावर रुजली. तेथील अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात २००४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तिला वाट करून दिली आणि २०१५ च्या शालेय शिक्षण कायद्यात तिचा स्पष्ट उल्लेख आला. पण त्याआधीची हकिकत आपण विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

कॅलिफोर्निया राज्यात १९६८-६९ साली शाळकरी मुलांत कृष्णवर्णीय मुले सुमारे ९ टक्के होती. मात्र 'मतिमंद' ठरवलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गांत त्यांचे प्रमाण २७ टक्के होते. बुद्धिमापन चाचणी घ्यायची, गुण कमी पडले की मुलाला त्या वर्गात टाकायचे, अशी तेथील रीत होती. त्या वर्गातून परत वर येणे कठीण. सॅन फ्रान्सिस्कोतील कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९७१ मध्ये न्यायालयात दाद मागितली. लॅरी पी. विरुद्ध राइल्स या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी या चाचण्या कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत पक्षपाती ठरवल्या आणि त्यांच्या आधारे मुलांना त्या वर्गात टाकण्यास मनाई केली.

आपल्याला यातून काय घ्यायचे? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिच्यात माणसाची जागा जन्माने ठरते आणि मरेपर्यंत बदलत नाही. वर्गातले गटही असेच होऊ शकतात. 'हुशार' पुढच्या बाकावर, 'ढ' मागच्या बाकावर, आणि जूनमध्ये मागे बसलेला मार्चमध्येही मागेच! मागच्या बाकावर बहुधा कोणत्या वस्तीतली मुले दिसतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. उतरंडीतले खालचे मडके कायम खालीच राहते. पायरी मात्र चढण्यासाठी असते. म्हणून शाळेने गट जरूर करावेत, पण ते पायरीसारखे असावेत. मूल कोणाचे यावरून गट ठरू नये, त्याला काय वाचता येते यावरून ठरावा. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हावी आणि तयार झालेले मूल वरच्या गटात जावे. जे सर्वांत मागे आहे त्याला सर्वांत जास्त वेळ मिळावा.

मुंबईत झालेला प्रयोग

आपल्याकडे हे जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांकडे पाहावे. 'प्रथम' या संस्थेने तेथे 'बालसखी' हा उपक्रम चालवला. शालेय शिक्षण पूर्ण केलेली वस्तीतीलच एक तरुणी शाळेत येई. तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले घेऊन ती शाळेच्या वेळेतच रोज सुमारे २ तास त्यांना वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे या कामाची मोजणी केली. बालसखी मिळालेल्या शाळांतील मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत अधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. याच बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. मदत थांबून वर्ष झाल्यावर मिळालेला फायदा बराच ओसरला होता. म्हणजे चार महिने वर्ग चालवायचा, फोटो काढायचे आणि मग विसरायचे, असल्या कामाचा उपयोग नाही. मदत टिकली तरच फळ टिकते.

कायदा काय सांगतो?

ही कोणाची मेहेरबानी नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम १७ ने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना बंदी घातली आहे. 'ढ' म्हणून भर वर्गात हिणवणे हा छळ नाही तर काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा शिकवून पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, असे कायदाच सांगतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा मिळावी, असे कलम २१ सांगते. आपल्या किती माता-भगिनी या समितीच्या सभेला जातात? पुष्कळदा सहीसाठी वही घरी येते आणि न वाचता सही होते.

शाळेत जाऊन हे विचारा

१. माझे मूल आज अक्षरे ओळखते, शब्द वाचते, परिच्छेद वाचते की गोष्ट वाचते?
२. त्याला जादा मदत कधी, किती वेळ मिळते आणि कोण देते?
३. पुन्हा तपासणी केव्हा होणार?
४. आरोग्य पथक शाळेत आले तेव्हा त्याचे डोळे, कान तपासले का?
५. समितीच्या मागील सभेच्या इतिवृत्तात मागे राहिलेल्या मुलांविषयी काय नोंद आहे?

कारकुनी करणाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे कार्यालय धरून चालते. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख घाला, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन एक प्रत जवळ ठेवा.

मात्र शिक्षकांशी भांडण हा आपला हेतू नसावा. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग, शिवाय निवडणूक आणि जनगणनेची कामे, हे ओझे पुष्कळांवर आहे. शिक्षक कमी असतील तर ते मागण्यासाठी पालकांनीच त्यांच्या बाजूने उभे राहावे.

आणि आपण काय करावे? प्रत्येक विहारात संध्याकाळी तासभर वाचनवर्ग चालवता येईल. बारावी झालेल्या आपल्या मुली हे काम उत्तम करतील. वयाप्रमाणे नव्हे, वाचता येते त्याप्रमाणे मुले बसवा. दर महिन्याला तपासा, वहीत नोंद ठेवा. शाळेची जबाबदारी मात्र सोडू नका. विहारातला वर्ग शाळेला जोड आहे, शाळेचा पर्याय नव्हे. घरी मुलीला पाण्याला आणि भाकरीला लावून मुलाला वर्गाला पाठवू नका, दोघांनाही पाठवा.

'शिका' हा बाबासाहेबांच्या संदेशातील पहिला शब्द. तो पहिल्या बाकासाठी जितका आहे, तितकाच शेवटच्या बाकासाठीही आहे. येत्या पालक सभेला कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घ्या, पण जा.

जयभीम!