हिरव्या उजेडातली उडी

पावसाने उघडीप दिली की ठाणे जिल्ह्यातल्या आटगावात भिंतीवर ऊन येतं, उन्हाला माशा येतात आणि माशांच्या मागावर एक चपटा, करड्या रंगाचा कोळी येतो. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. चार पावलं चालायचं, थांबायचं, अख्खं अंग वळवून बघायचं, हा त्याचा क्रम. आपण जवळ गेलो तर तो आपल्याकडेही वळतो. त्याला आपण खरोखरच दिसत असतो.

हा मेनेमेरस बायव्हिटॅटस, उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या साल्टिसिडी कुळातला. जगात या कुळाच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत; कोळ्यांचं एवढं मोठं दुसरं कुळ नाही. घरात याचे दोन भाऊबंदही भेटतात. प्लेक्सिपस पेकुली अंगाने जाडजूड, नराच्या काळ्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा. हॅसेरियस अ‍ॅडनसोनी त्याहून लहान, नर काळा आणि तोंडापुढची दोन आखूड उपांगं पांढरी. माणसाच्या मालासोबत प्रवास करत हे तिघेही जगभरातल्या उबदार प्रदेशांत पोचले आहेत.

नवरात्रात किंवा दिवाळीच्या आधी आपण जी जाळीजळमटं काढतो, ती यांची नसतात. हे कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत. त्यांचं रेशीम लागतं ते रात्री झोपायला, कात टाकायला आणि अंडी सांभाळायला. तसबिरीमागे किंवा दाराच्या फटीत पांढरी, दाट पिशवी दिसली तर आत बहुधा अंड्यांवर बसलेली मादी असते. झाडू मारण्याआधी तेवढं जरूर बघावं. हे कोळी माणसाच्या वाटेला जात नाहीत, आणि चुकून चावलेच तरी धोका नसतो.

जाळं नाही म्हणजे सगळी भिस्त नजरेवर. डोळे आठ. कडेचे सहा डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात. समोरचे दोन मोठे डोळे आतून लांबट नळीसारखे असतात. त्यांचं भिंग जागचं हलत नाही, पण आतलं दृष्टिपटल स्नायूंच्या जोरावर इकडेतिकडे सरकतं. अंग स्थिर ठेवूनही कोळी समोरची माशी अशी न्याहाळू शकतो.

पण माशी किती लांब आहे, हे त्याला कसं कळतं? आपल्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत थोडा फरक असतो आणि त्यावरून मेंदू अंतर काढतो. या कोळ्याच्या दोन मोठ्या डोळ्यांची दृश्यं एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे ती युक्ती इथे चालत नाही. उत्तर मिळालं २०१२ मध्ये, जपानमधल्या ओसाका इथे, आणि तेही घरातल्याच हॅसेरियसकडून. त्याच्या दृष्टिपटलाला एकावर एक चार थर असतात. त्यांतले सर्वांत आतले दोन थर हिरवा प्रकाश टिपतात. हिरव्या प्रकाशातलं चित्र सर्वांत आतल्या थरावर स्पष्ट उमटतं, त्याच्या पुढच्या थरावर मात्र धूसर. ही धूसरता किती, यावरून कोळी अंतर ओळखतो. संशोधकांनी त्याला हिरव्या उजेडात उडी मारू दिली, ती अचूक पडली. लाल उजेडात ती तोकडी पडू लागली. इतकी नेटकी परीक्षा आणि इतकं स्वच्छ उत्तर विज्ञानात क्वचित मिळतं.

उडीची रीतही वेगळी. कोळ्याच्या पायाच्या दोन मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. ते काम रक्ताचा दाब करतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उघडतो, तसे मागचे पाय झटक्यात ताठ होतात आणि कोळी हवेत जातो. त्याआधी त्याने रेशमाचा धागा भिंतीला चिकटवलेला असतो. नेम हुकला तरी तो खाली आदळत नाही, शिवाय हवेत अंगाचा तोलही हा धागाच सावरतो.

भिंतीबाहेर, तानसा अभयारण्याच्या बाजूला गेलं की गोतावळा आणखी वाढतो. त्यातल्या कितीतरी जाती अजून कुणी नीट पाहिलेल्याही नसतील. हे मी हवेत बोलत नाही. २०२१ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातून या कुळातली एक नवी जात जगासमोर आली, आयसियस तुकारामी. ध्रुव प्रजापती, राजेश सानप, जॉन केलेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं. नाव दिलं ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत दहशतवादी कसाबला धरून ठेवणारे मुंबई पोलिसांचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचं. दोन कोटींच्या महानगराला खेटून असलेल्या जिल्ह्यात एक प्राणी २०२१ पर्यंत बिननावाचा राहतो, याचा मला विस्मय वाटतो आणि आनंदही.

शहापूर-मुरबाडच्या शाळांतल्या मुलांना हे कोळी निरखायला प्रयोगशाळेची वाट बघायला नको. उन्हातली भिंत, भिंग आणि वही पुरे. तारीख, वेळ, जागा, रंग, काय खाताना दिसला, एवढं लिहायचं. आणि काळा, पांढऱ्या पट्ट्याचा नर दिसलाच, तर त्याच्यासमोर हातातला छोटा आरसा धरून बघा. बऱ्याचदा तो आरशातल्या नराला प्रतिस्पर्धी समजतो आणि पुढचे पाय उगारून त्याच्यावर चालून जातो.