सुधागडावरील तळी आणि वनविहार

पाली येथील बल्लाळेश्वर हे अष्टविनायकांपैकी एक स्थान असल्याने तेथे वर्षभर भाविकांची रीघ असते. खोपोली-वाकण मार्गाने येणारा यात्रेकरू दर्शन घेतो, सवड असल्यास उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांत स्नान करतो आणि परततो. पालीच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या कुशीत उभ्या असलेल्या सुधागडाच्या विस्तीर्ण माथ्यावर रानाने वेढलेली तळी आहेत, याची जाणीव त्यांतील थोड्यांनाच असते.

या गडाचे जुने नाव भोरपगड. १६४८ साली तो स्वराज्यात आला आणि सुधागड झाला. औरंगजेबाचा पुत्र अकबर १६८१ साली संभाजी महाराजांच्या आश्रयास आला, तेव्हा त्याचा मुक्काम पायथ्याच्या पाच्छापुरात होता. पातशहापूर या नावावरूनच पाच्छापूर झाले, असे सांगतात. पुढे हा मुलूख भोर संस्थानात होता. पंतसचिवांचा वाडा आणि भोराईदेवीचे मंदिर त्या काळाची साक्ष देत माथ्यावर उभे आहेत. तालुक्यालाही गडाचेच नाव मिळाले आहे.

पाच्छापूर-ठाकूरवाडीच्या बाजूने सुमारे दोन तासांत माथा गाठता येतो. धोंडशाकडील वाट लांबची, परंतु ती महादरवाज्यातून जाते आणि हा दरवाजा रायगडच्या महादरवाज्याची आठवण करून देणारा आहे. वर पोहोचल्यावर हवालदार तळे, हत्तीमाळ, धान्यकोठारांचे अवशेष आणि मधूनमधून दाट झाडी असा परिसर लागतो. समोर तैलबैलाच्या दोन प्रचंड भिंती दिसतात. मुक्काम बहुधा वाड्यात किंवा देवळात होतो. पहाटे तळ्याकाठी बसून पाखरांचे आवाज ऐकण्याचा आनंद मुंबई-पुण्याच्या रहिवाशास एरवी दुर्मीळच.

तथापि या तळ्यांचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे. डोंगरमाथ्यावरील तळ्याला नदीनाल्याचा पुरवठा नसतो. चार महिन्यांत पठारावर कोसळणारा पाऊस काळ्या कातळाच्या खोलगट भागात साठतो, आणि हाच साठा पुढील पावसाळ्यापर्यंत पुरवावा लागतो. वाहते पाणी घाण वाहून नेते; येथे ती सोय नाही. ऑक्टोबरात एखाद्या सहलीने काठावर भांडी घासली, साबण लावून आंघोळ केली किंवा उरलेले अन्न पाण्यात टाकले, तर त्याचा अंश मे महिन्यात पाणी पिणाऱ्या गुराच्या वा वानराच्या वाट्यास येतो. धुणेभांडी पाणी काढून घेऊन काठापासून दूर करावीत आणि पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. पोहण्याचा मोह तर टाळावाच; शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरल्यास मदत पायथ्याहून यावयाची असते.

वणव्याचे भय याहून मोठे आहे. डिसेंबरनंतर पठारावरील गवत वाळून कोळ होते आणि विझली असे समजून सोडलेली चूल वाऱ्याने पुन्हा पेटते. राखीव वनात आग पेटविणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, ही गोष्ट सहल काढणाऱ्या शिक्षकांनी निघण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना सांगितलेली बरी. तयार शिदोरी नेल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी वासोट्याला जाणाऱ्यांना बामणोलीस वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. त्यांच्याजवळील प्लॅस्टिकची मोजदाद होते आणि रात्री वनात राहता येत नाही. ते अभयारण्य असल्याने तेथील निर्बंध सुधागडास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु वर जाताना वस्तूंची नोंद आणि उतरताना पडताळणी, एवढे काम पायथ्याच्या ग्रामपंचायतींना वनखात्याच्या संमतीने करता येण्याजोगे आहे. वाटाड्या म्हणून ठाकूरवाडीतील तरुण घेतल्यास त्यास रोजगार मिळतो आणि पाहुण्यांची वाट चुकत नाही. वाटाड्याचा दर व तळ्याविषयीच्या सूचना पाच्छापुरातच फलकावर लावल्यास घासाघीस आणि वादही टळतील.

सहलीस नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. भर पावसात वाटेवरील ओढे तासाभरात फुगतात आणि शिडीच्या वाटेवर कातळ निसरडा होतो. त्या दिवसांत निघण्यापूर्वी पालीच्या तहसील कार्यालयात बंदी आदेशाची चौकशी करावी.