शोधनिबंधांतून दिसणारे खेडे

भंडाऱ्याच्या भातपट्ट्यातील काय किंवा पश्चिम विदर्भाच्या कापूसपट्ट्यातील काय, खेड्यातल्या कुटुंबापर्यंत नैराश्यावरील उपचार पोहोचवायचे कसे, हे समजून घेण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शोधनिबंध क्रमाने वाचणे उपयोगी ठरते. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेसोबतच्या ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले; प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ समुपदेशकांची मदत सरकारी आरोग्य केंद्रांतील रुग्णांना लाभली, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, आणि हा उणा निष्कर्षही लपवला गेला नाही, हे विशेष. पुढे सहा ते आठ भेटींत रुग्णाला दैनंदिन व्यवहारांत पुन्हा गुंतवणारी, म्हणजे वर्तन-सक्रियतेची, पद्धत तपासली गेली. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या सामुदायिक मानसिक आरोग्य उपक्रमावरील 2017 च्या निबंधानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. अर्थात तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची गावे नसल्यामुळे (संशोधनात अशा गावांना नियंत्रण गट म्हणतात) या वाढीचे सारे श्रेय उपक्रमालाच देता येत नाही.